मोठ्या नदीवरचा बर्फ

माशाच्या पराचा नखाएवढा तुकडा आणायचा, एवढ्यासाठी आम्ही तिघं भर फेब्रुवारीत रानात निघालो होतो! आणि मासा तरी कोणता? जो आमच्या नदीत नाहीच, असं वीज कंपनीच्या अहवालात छापून आलं होतं, तो! नदीचं नाव नामेऊ. उत्तरेतल्या आम्हा क्री आदिवासींच्या भाषेत नामेऊ म्हणजे स्टर्जन. म्हणजे नदीला नाव माशाचं, आणि मासाच नाही म्हणे! पण अहवालवाल्यांनी जाळी टाकली होती उन्हाळ्यात. स्टर्जन नामेऊच्या डोहात येतो तो हिवाळ्यात, मोठ्या नदीतून वर चढून, बर्फाखाली स्वस्थ पडून राहायला. माणूस कामावर गेल्यावर त्याच्या दाराची कडी वाजवायची आणि इथे कुणी राहत नाही म्हणून लिहून न्यायचं, त्यातलाच प्रकार.

कंपनीला नामेऊवर धरण बांधायचं होतं, आणि त्यासाठी जागा दोन होत्या. खालची जागा नदीच्या मुखाशी. तिथे वीज जास्त मिळणार होती, पण डोह आणि काठचं सगळं रान पाण्याखाली जाणार होतं. वरची जागा धबधब्याच्या वर. तिथे वीज थोडी कमी, पण डोह शाबूत राहणार होता. सोमवारी आमच्या गावात सरकारी समितीची सुनावणी होती. तोवर डोहातल्या स्टर्जनच्या पराचा तुकडा, म्हणजे प्रयोगशाळेत तपासता येईल असा पुरावा, हाती आला तर खालची जागा बाद होण्याची आशा होती. नाही आला, तर खेळ खलास!

ते रान सायलसकाकांचं. आमच्यात प्रत्येक कुटुंबाचं शिकारीचं रान ठरलेलं असतं आणि त्याला एक मुख्य असतो. त्या रानात कुणी कुठे सापळा लावायचा, कुठून जायचं, कुठे थांबायचं, हे तो ठरवतो. सायलसकाका माझ्या वडलांचे धाकटे भाऊ, सत्तरी ओलांडलेले, बोटं पहारीसारखी आणि जीभ त्याहून टोकदार. त्यांचं अर्धं रान मी लहान असतानाच मोठ्या नदीवरच्या पहिल्या धरणात बुडालं. झाडं पाण्याखाली कुजत राहिली, माशांत पारा वाढला, आणि दवाखान्यातली नर्स गरोदर बायकांना सांगू लागली की तलावातला मासा खाऊ नका. काकांनी त्या तलावाकडे पुन्हा तोंड केलं नाही. आता उरलेलं अर्धं रान नामेऊच्या काठचं, आणि तेही जाणार की काय, या काळजीने त्यांची झोप उडाली होती. ते कबूल करत नव्हते, पण त्यांच्या घराचा दिवा सगळ्या गावाला दिसायचा.

तिसरी सोलांज. समितीने पाठवलेली माशांची अभ्यासक, दक्षिणेकडची, अंगाने काडी पण चिवट. तिला कामापुरती क्री भाषा येत होती, तीही लहान मुलांच्या तोंडून शिकलेली. काका तिला ‘मासेवाली’ म्हणत. आणि मी हॅटी. गावच्या रेडिओवर बातम्या, हवामान, वाढदिवस आणि हरवलेल्या हातमोज्यांच्या घोषणा करते. बोलण्यावाचून मला दुसरं काही येत नाही, असं माझा नवरा रूबेन सांगतो.

दोन बर्फगाड्या, मागे बांधलेल्या लाकडी स्लेज, तंबू, पत्र्याची चूल, जाळं आणि चहा घेऊन आम्ही निघालो. हवा मऊ होती, आभाळ खाली आलेलं. अशा हवेत मोठ्या नदीचा बर्फ भरवशाचा नसतो, म्हणून काकांनी डोंगरातली वाट धरली. ही वाट पहिल्या धरणानंतर कंपनीनेच काढून दिली होती. ती जळक्या रानातून वळसे घेत जाते. म्हातारी मंडळी तिला नाक मुरडतात आणि थंडी कडक पडली की सरळ नदीवरून जातात.

“ही वाट कुणी काढली ठाऊक आहे?” काकांनी पहिल्याच चढावर मागे वळून विचारलं. “नकाशा उलटा धरणाऱ्याने!”

हसायला ठीक होतं, पण ती वाट खरोखरच जीव काढत होती. जळलेली झाडं आडवी पडून बर्फाखाली गाडली गेली होती. गाडी कधी कशावर चढेल याचा नेम नव्हता. जागोजागी उतरून, कुऱ्हाडीने खोड तोडून, गाडी ढकलून वर काढावी लागे. घामाने कपडे भिजत आणि थांबलं की तोच घाम पाठीवर गोठू लागे. सोलांज एकदा काखेपर्यंत भुसभुशीत बर्फात गेली. काकांनी तिला कॉलर धरून वर ओढलं आणि म्हणाले, “मासेवाली, मासे अजून पुढे आहेत.”

डोहाशी पोहोचल्यावर मात्र थट्टा थांबली. डोह नेहमीसारखाच होता. वर धबधब्याची गोठलेली निळी भिंत, खाली पांढरंशुभ्र मैदान, काठाला स्प्रूसच्या झाडांची काळी रांग. काका तिथे जरा वेळ नुसते उभे राहिले. खालची जागा ठरली तर पुढच्या काही वर्षांत हे सगळं तळाशी असेल, आणि वरून मोटारबोटी जातील.

आम्ही पहारीने बर्फात भोकं पाडली, लांब काठीने बर्फाखालून दोरी एका भोकातून दुसऱ्यापर्यंत नेली आणि जाळं आत सोडलं. भोकावर तंबू उभारला, आत चूल पेटवली. उघड्यावर मासा काढला तर या थंडीत त्याचे कल्ले गोठतात, म्हणून जे करायचं ते तंबूत आणि पाण्यातच करायचं, असा सोलांजचा कडक नियम होता.

पहिल्या दिवशी जाळ्यात पांढरे मासे आले, आणि ते आम्ही बॅनकच्या जाड रोटीबरोबर खाल्ले. दुसऱ्या दिवशीही पांढरेच आले. पण या खेपेला निम्मे तसेच उरले. सोलांज गप्प, मी गप्प, आणि मी गप्प म्हणजे प्रकरण गंभीर! त्यात हवा बदलली. आभाळ स्वच्छ झालं आणि थंडी अशी उतरली की झाडं बंदुकीसारखी फुटू लागली. तंबूच्या कापडावर आमच्या श्वासाचा बर्फ जमायचा आणि तोंडावर पडायचा. ती थंडी आठवडा होत आला तरी हटेना, आणि जाळ्यात रोज पांढरेच मासे.

“येतील ना काका?” मी विचारलं.

“मी त्यांना बोलावणं धाडलं नव्हतं,” काका म्हणाले. “ते सवडीने येतात.”

शनिवारी सकाळी जाळं ओढायला लागलो तर ते हलेना!

“खडकाला अडकलंय,” मी म्हणाले.

“खडक मागे खेचत नाही,” काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला होता.

तिघांनी मिळून दोरी धरली. हळूहळू, हातभर हातभर जाळं वर आलं. काळ्या पाण्यात काहीतरी हललं. आधी शेपटी, मग पाठीवरच्या हाडांच्या ढालींची रांग, मग तो लांब मिश्यांचा म्हातारा चेहरा! स्टर्जन! माझ्याहून लांब! सोलांज पालथी पडून खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून होती. दात वाजत होते, पण हात स्थिर. कात्री लागली. पराचा तुकडा कुपीत गेला, कुपी निळ्या पेटीत गेली. काकांनी माशाच्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला, त्याला काहीतरी म्हटलं आणि जाळ्यातून सोडवलं. तो घाई न करता खाली गेला.

सोलांज ओल्या हातांनीच मला मिठी मारून रडू लागली. काका चुलीकडे तोंड करून चहा ओतत बसले. कपात कमी आणि बाहेर जास्त पडत होता. आता फक्त घरी पोहोचायचं होतं.

पण रविवारी सकाळी जळक्या रानात शिरल्याबरोबर माझी गाडी बर्फात लपलेल्या बुंध्यावर आदळली आणि खालचा पट्टा उभा फाटला. तिथे दुरुस्तीचा प्रश्नच नव्हता. राहिली काकांची एक गाडी, तिच्यामागे एक लांब स्लेज, आणि माणसं तीन. त्या ओझ्याने डोंगरवाटेचे चढ चढायचे म्हणजे प्रत्येक चढावर सामान उतरवून डोक्यावर न्यायचं. सोमवारी पोहोचणं कठीण होतं.

काका खाली पाहत होते. झाडांमधून मोठी नदी दिसत होती, रुंद, पांढरी, हमरस्त्यासारखी सपाट.

“आठवडाभर अशी थंडी आहे,” ते म्हणाले. “या थंडीत नदी गाढ झोपते. हरणांचा कळप गेला तरी जागी होणार नाही. नदीवरून जाऊ.”

सोलांजने माझी बाही ओढली. “हॅटी, उलट आहे!” ती कुजबुजली. “इतकी थंडी म्हणजे शहरांत सगळे हिटर चालू. वीज जास्त लागते, मग मोठ्या नदीवरच्या धरणातून पाणी जास्त सोडतात. पाणी वाढलं की बर्फ उचलला जातो, फुटतो...”

“मला ठाऊक आहे. पाणी वाढणार असल्याची सूचना रोज सकाळी मीच रेडिओवर वाचते.”

“मग सांग ना त्यांना!”

आता हे तिला कसं समजवायचं? आमच्यात दुसऱ्याला ‘असं करू नकोस’ म्हणत नाहीत. मुलांनासुद्धा फारसं म्हणत नाहीत. आणि रानाच्या मुख्याला, त्याच्याच रानात, त्याच्याच नदीबद्दल? त्यापेक्षा त्याच्या ताटात थुंकलेलं बरं! फार तर आडून सुचवायचं. मी सोलांजला गप्प राहायची खूण केली आणि आडून सुरुवात केली.

“काका, डोंगरवाटेने गेलो तरी मी काही दमणार नाही हं. पाय चांगले आहेत माझे.”

“तुझे पाय नाहीत दमत, माझे कान दमतात.”

“रेडिओवर मागच्या आठवड्यात सूचना होती. शहरात फार थंडी पडणार म्हणे.”

काका हसले. “शहरातल्या माणसाला थंडी वाजली म्हणून माझ्या नदीचा बर्फ पातळ होणार? त्याला म्हणावं, स्वेटर घाल!” मग ते गंभीर झाले. “घाबरू नका. पहार घेऊन मी पुढे चालतो. गाडी तू चालव, माझ्या बरीच मागे. मासेवाली स्लेजवर बसेल. मी थांबलो की थांबायचं.”

पुढे तेच चालणार होते, धोका तेच घेणार होते. यावर बोलायला जागाच उरली नाही. आम्ही नदीवर उतरलो.

ठण्! ठण्! पहार आपटत काका चालले होते. मी गाडी मुंगीच्या पावलाने हाकत होते. आवाज पक्का होता. बर्फाचा रंगही हवा तसाच, गडद. काठाजवळ एक लांब भेग दिसली तेव्हा काका थांबले, वाकले, भेगेत पहार घातली, बर्फाची जाडी बोटांनी मोजली आणि समाधानाने मान हलवली. हातभर जाड होता तो. यावरून ट्रक गेला असता! माझ्या जिवात जरा जीव आला. मागे वळून पाहिलं तर सोलांज निळी पेटी मांडीवर घेऊन बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. बहुधा प्रार्थना.

नदीच्या मध्याजवळ पहारीचा आवाज बदलला.

ठण्... ठण्... डुब्!

काका जागच्या जागी थिजले. त्यांनी एक हात वर केला. मी गाडी थांबवली. काकांनी मान तिरकी करून ऐकलं. ते हळूच मागे वळले, आणि त्या क्षणी त्यांचा चेहरा मला दिसला. त्यावर भीती नव्हती. निव्वळ आश्चर्य होतं, घरच्या कुत्र्याने चावा घेतल्यासारखं.

कडाड्!

बर्फाचा पाटच्या पाट खाली गेला, आणि त्याच्याबरोबर काकाही!

“काका!”

मी गाडीवरून उडी टाकली आणि पोटावर पडले. सोलांज ओरडत होती, “सरपटत जा! उभी राहू नकोस!” मी सरपटत भोकाच्या कडेशी पोहोचले. आत पाहिलं. बर्फाला टेकून पाणीच नव्हतं! हातभर जाडीचं छत अधांतरी लटकत होतं. त्याखाली हवेची पोकळी, आणि तिच्या तळाशी काळंभोर पाणी सुसाट वाहत होतं. काका छातीपर्यंत पाण्यात होते. पहार भोकाच्या दोन्ही कडांवर आडवी अडकली होती आणि ते तिला दोन्ही हातांनी लटकले होते. प्रवाह त्यांचे पाय बर्फाखाली ओढत होता.

मी हात पुढे केला. माझ्या कोपराखालचा तुकडा फुटून खाली गेला.

“मागे हो!” काका म्हणाले. “हॅटी, मागे हो. दोघं नकोत.”

“स्लेज!” मी ओरडले. “सोलांज, स्लेज आण!”

सामानाने भरलेली ती स्लेज दोघींना ढकलता येणार नव्हती. सोलांजच्या ते माझ्याआधी लक्षात आलं. तिने सुरीने दोऱ्या कापल्या आणि दिसेल ते फेकायला सुरुवात केली. तंबू! चूल! जाळं! तिची पिशवी! निळी पेटी तिच्या हातात आली. तिने ती पाहिलीसुद्धा नाही, बाजूला भिरकावली. स्लेजची मागची बाजू लांब दोरीने गाडीला बांधली, आणि दोघींनी पालथं पडून रिकामी स्लेज भोकाकडे रेटली. तिचं पुढचं टोक कडेवरून झुकलं, आत उतरलं. बर्फ करकरला. पुन्हा एक तुकडा गेला, आणि उतार झालेल्या त्या ओल्या बर्फावरून निळी पेटी घसरू लागली. अगदी सावकाश. माझ्या हातापासून वीतभर लांबून. एक तर पेटी धरायची, नाहीतर स्लेज.

मी स्लेज धरून ठेवली. पेटी काठावर क्षणभर थबकली आणि आत गेली.

“काका, फळ्यांत हात अडकवा! दोन्ही!”

“बोटं... वळत नाहीत.”

“कोपरं अडकवा! कोपरं!”

त्यांनी पहार सोडली. एक कोपर. मग दुसरं. मी सरपटत मागे गेले, गाडीवर चढले, तोंड काठाकडे वळवलं आणि हळूच खटका दाबला. दोरी ताणली गेली. गाडी जागच्या जागी घुरघुरली. चल गं बये, चल! एकदम हिसका बसला आणि गाडी पुढे गेली. मागे पाहायची हिंमत होईना. सोलांजची किंकाळी ऐकू आली, “आले! आले! थांबू नकोस!” मी थांबले नाही. आमची तिन्ही माणसं काठाच्या झाडांत पोहोचेपर्यंत मी थांबले नाही.

काकांचे कपडे पत्र्यासारखे कडक झाले होते. ते आम्ही सुरीने फाडून काढले. बर्चची साल, स्प्रूसच्या सुक्या काटक्या रचून मी एकामागून एक आगकाड्या ओढल्या. शेवटी जाळ धरला. माझा कोट, सोलांजचे मोजे, सगळं काकांच्या अंगावर चढलं, आणि गाडीला टांगलेली चहाची किटली जाळावर. आम्ही दोघी त्यांना दोन बाजूंनी चिकटून बसलो. बराच वेळ ते कापतसुद्धा नव्हते, आणि ते सगळ्यात वाईट लक्षण. मग एकदाचे कापू लागले. माझा जीव भांड्यात पडला.

“पेटी?” त्यांचा पहिला शब्द.

“गेली,” सोलांज म्हणाली.

“अरे देवा! मला सोडायचं होतं. मी म्हातारा. पेटीत सगळा डोह होता.”

“काका, पेटीला चहा पाजता आला नसता,” सोलांज म्हणाली, आणि कप त्यांच्या ओठांना लावला.

नंतर तिने हलक्या आवाजात सांगितलं ते असं. थंडीच्या आठवड्यात धरणातून पाणी वाढवलं, बर्फ उचलला जाऊन वर जाड झाला. आज रविवार, दक्षिणेतले कारखाने बंद, विजेची मागणी कमी, म्हणून पाणी घटवलं. पाणी खाली गेलं आणि बर्फ दोन्ही काठांना धरून वर तसाच लटकला. त्यामुळे तो जाड होता आणि पोकळही होता.

काका विस्तवाकडे बघत होते. “मी जाडी मोजली,” ते म्हणाले. “रंग पाहिला. आवाज ऐकला. सगळं केलं.”

आमचा पत्ता नाही म्हणून रूबेन दुपार कलताना डोंगरवाटेने शोधत आला. जाळाचा धूर पाहून तो खाली उतरला. काकांच्या गुंडाळलेल्या हातांकडे त्याने पाहिलं.

“बर्फ?” त्याने विचारलं.

“बर्फ,” काका म्हणाले.

रूबेनने मान वळवली आणि मुकाट्याने सामान बांधू लागला.

सोमवारी शाळेच्या सभागृहात अख्खं गाव जमलं होतं. समोर समितीची माणसं, त्यांच्या अध्यक्षबाई, आणि भिंतीवर नकाशा लावून उभा असलेला कंपनीचा अधिकारी. मी दुभाषी. सोलांजने सरळ सांगितलं, “मी मासा पाहिला. पुरावा घेतला होता. आता तो माझ्याकडे नाही.” अधिकाऱ्याने सहानुभूतीने मान हलवली. ती सहानुभूती मला थपडेसारखी लागली. संपलं, असं वाटलं.

मग काका उठले. दोन्ही हात पट्ट्यांत होते. माइक मी त्यांच्यासमोर धरला.

“काल मी माझ्या नदीवर चुकलो,” ते म्हणाले.

रानाचा मुख्य चुकला असं चारचौघांत कुणी म्हणत नाही, तो स्वतः तर नाहीच. मी जरा सावरून घेतलं आणि फ्रेंचमध्ये म्हणाले, “काल बर्फावर अपघात झाला.”

“हॅटी!” काकांना तेवढं फ्रेंच कळत होतं. “अपघात नाही. मी चुकलो. सांग तसंच.”

मी सांगितलं तसंच.

“माझ्यामागे दोन बायका होत्या. मी म्हणालो म्हणून आल्या. वडलांनी शिकवलं ते सगळं मी केलं, आणि तरी त्यांना पोकळ बर्फावर नेलं. आता त्या नदीवर मी कुणाला वाट दाखवणार नाही. मला ती ओळखता येत नाही.” ते थांबले. “वीज नको असं मी म्हणत नाही. माझ्या घरात पण दिवा आहे. धरण बांधायचं तर वर बांधा, धबधब्याच्या वर. आणि हिवाळ्यात पाणी एकसारखं सोडा. आज वाढवलं, उद्या घटवलं, असं नको. नामेऊ मला अजून ओळखता येते. तिला तरी तशी राहू दे.”

अधिकारी नम्रपणे म्हणाला, “आजोबांबद्दल वाईट वाटतं. पण पहिल्या धरणाखालच्या बर्फावर आजवर एकही अपघात आमच्या नोंदीत नाही. कालचा हा पहिलाच.”

मी भाषांतर केलं. काका खाली बसले. ‘तुम्ही बोला’ असं ते कुणालाच म्हणणार नव्हते. खुर्च्या करकरल्या. कुणी बुटांकडे पाहत होतं, कुणी छताकडे.

मग एनॉक उठला. शेजारच्या रानाचा मुख्य, काकांशी आयुष्यात कधी न पटलेला.

“मी पण,” तो म्हणाला. “माझी बर्फगाडी तळाशी आहे. विकली म्हणून सांगितलं होतं गावात.”

मागच्या रांगेत म्हातारी जोसेफीन काठीवर भार देऊन उभी राहिली. “आमचा मुलगा बाहेर निघाला. त्याचे कुत्रे नाही निघाले. त्याने बापाला सांगू नको म्हटलं.”

आणखी एक उठला. आणखी एक. सगळे रानांचे मुख्य, नाहीतर त्यांची मुलं. लाजेने प्रत्येकाने आपापलं भोक झाकून ठेवलं होतं! माझा आवाज बसत चालला, पण मी सांगत राहिले. एवढ्यात डावीकडून ओळखीचा खाकरण्याचा आवाज आला.

“मागच्या हिवाळ्यात,” रूबेन म्हणाला. “कमरेपर्यंत.”

माझं भाषांतर थांबलं. रोज एका चुलीशी जेवणारा माझा नवरा! मी माइकमध्येच विचारलं, “आणि मला का नाही सांगितलंस?”

“अगं, तू रेडिओवर असतेस!”

सभागृह फुटलं! इतका वेळ दाबून धरलेलं सगळं हसण्यातून बाहेर आलं. जोसेफीन डोळे पुसत होती, एनॉक काकांच्या पाठीवर थापा मारत होता. अध्यक्षबाईंनी गोंधळून विचारलं, “काय झालं?” मी हसत, रडत तेही जसंच्या तसं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. उभ्या असलेल्या माणसांकडे त्या एकेक करून पाहत राहिल्या.

संध्याकाळपूर्वी समितीने सांगितलं की खालच्या जागेचा निर्णय थांबवला आहे. पुढच्या हिवाळ्यात सगळ्यांसमोर डोहात जाळं टाकलं जाईल, आणि पहिल्या धरणातून हिवाळ्यात पाणी कसं सोडतात याची चौकशी गावकऱ्यांना धरून होईल. डोह वाचला असं म्हणता येत नव्हतं, पण अधिकाऱ्याने भिंतीवरचा नकाशा काढून गुंडाळला.

लोक पांगले. काका दारात घुटमळले आणि सोलांजकडे वळले.

“पुढच्या हिवाळ्यात डोहाकडे जायचं, तर कुठून जावं?”

रानाच्या मुख्याने दुसऱ्याला वाट विचारलेली मी जन्मात ऐकली नव्हती. सोलांजलाही त्याचा अर्थ कळला असावा, कारण उत्तर देण्याआधी तिने टोपी काढून हातात घेतली.

“डोंगरावरून, काका,” ती म्हणाली.

“बरं,” काका म्हणाले.